सह्याद्रीत लिफ्ट मागताना: फाट्यापासून पायथ्याच्या गावापर्यंत

पुणे–सातारा महामार्गावर चेलाडी फाटा आहे. नसरापूर, वेल्हे, राजगड, तोरणा, सगळ्यांचा रस्ता इथूनच आत वळतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी आठला मी आणि माझी मैत्रीण तिथे उतरलो आणि वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्यांना हात करत दहा वाजेपर्यंत उभ्या राहिलो. समोरून गाड्या येतच होत्या. खचाखच भरलेली जीप, दुधाचे कॅन लादलेला पिकअप, कॉलेजच्या पोरांनी दारापर्यंत भरलेली एसटी. सगळ्या बाहेर पडणाऱ्या. आत जाणारी एखादीच मोटारसायकल, तीही डबलशीट. शेवटी टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "आत्ता समदं पुण्याकडं पळतंय, पोरींनो. आत जायचं तर सांजच्याला यावं."

लिफ्ट मागण्याबद्दल मला जे काही कळलं, त्याची सुरुवात या वाक्यापासून झाली. माझ्याकडे कधीच स्वतःची गाडी नव्हती. डोंगर मात्र सोडवत नव्हता. त्यामुळे सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांवर मी एसटी, शेअर जीप आणि अनोळखी माणसांच्या गाड्या यांच्या जोरावर फिरले. जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमचे ते दोन तास वाचतील.

गावाच्या वेळेने निघा

गाव सकाळी बाहेर पडतं आणि संध्याकाळी घरी येतं. पहाटे दूध निघतं, मग भाजीपाला, मग शाळा-कॉलेज, मग तहसील कचेरीत आणि दवाखान्यात जाणारी माणसं. दुपारी तीन-चारपासून हाच ओघ उलटा फिरतो. आपण शहरातले लोक नेमकं याच्या विरुद्ध करतो: सकाळी आत जायला निघतो आणि संध्याकाळी बाहेर पडायला बघतो. मग रिकामा रस्ता दिसतो आणि वाटतं, इकडे कोणी लिफ्टच देत नाही.

मुक्कामी एसटीचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवा. ती संध्याकाळी तालुक्याहून सुटते, रात्री गावात थांबते आणि पहाटे परत निघते. लिफ्ट मागणाऱ्यानेही तसंच चालावं. आदल्या दिवशी चार-साडेचारला फाट्यावर पोचा. त्या वेळी बाजार करून, काम आटपून परतणाऱ्या गाड्या मिळतात आणि त्यांतल्या निम्म्या तरी तुम्हाला हव्या त्याच गावाला चाललेल्या असतात. रात्री गावात मुक्काम, पहाटे गड, आणि उतरल्यावर शक्य असेल तर पुन्हा गावातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओघाबरोबर बाहेर. एवढी सवड नसेल तर निदान जाण्याचा टप्पा तरी संध्याकाळचा ठेवा, कारण आत जाताना अडकलेला माणूस मोकळ्या माळावर अडकतो. बाहेर पडताना अडकलात तर गावात तरी असता.

याला दोन अपवाद आहेत. पहिला शनिवार-रविवार. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रायगड अशा ठिकाणी मुंबई-पुण्याच्या गाड्या भल्या पहाटे आत येतात आणि रविवारी दुपारी तीननंतर परत फिरतात. त्या गाड्या रस्त्यावर हात करून पकडण्यापेक्षा पायथ्याच्या गावात जिथे लावलेल्या असतात तिथेच विचाराव्यात. गडावर ज्यांच्याशी चार शब्द बोलणं झालं, पाण्याची बाटली भरताना ओळख झाली, त्यांना उतरताना "तुमच्या गाडीत एक जागा आहे का?" असं विचारणं किती सोपं असतं! माझ्या परतीच्या निम्म्या लिफ्ट गडावरच ठरल्या आहेत.

दुसरा अपवाद आठवडे बाजाराचा. बाजाराच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत आडरस्त्यांवरही गाड्या असतात. निघण्याआधी पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवणाची सोय होते त्यांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: बाजार कधी असतो, मुक्कामी गाडी किती वाजता येते आणि शेवटची जीप फाट्यावरून कधी निघते. या तीन उत्तरांवर अख्खा प्रवास आखता येतो.

बारा ते तीन ही वेळ सोडून द्या. त्या वेळी जेवा, झाडाखाली पडा.

उभं कुठे राहायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

फाट्यावर उतरलात की आतल्या रस्त्याला वळा आणि पन्नास-साठ पावलं चालून जा. महामार्गाच्या तोंडावर उभं राहिलं तर सरळ जाणाऱ्या गाड्याही तुमच्याकडे बघतात, वळणाऱ्यांना मात्र वळणाच्या गडबडीत तुम्ही दिसत नाही. वळण घेऊन गाडी सरळ झाली, अजून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर आहे, तिथे तुम्ही दिसायला हवेत. गतिरोधक असेल तर त्याच्या पुढे दहा पावलांवर उभे राहा. गाडी आधीच हळू झालेली असते, तुम्हाला बघायला चालकाला दोन-तीन सेकंद जास्त मिळतात आणि थांबण्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

दुसरी अट म्हणजे गाडी डांबरावरून खाली घेता येईल अशी साइडपट्टी. अरुंद रस्त्यावर, पुलावर किंवा वळणाच्या आत उभं राहिलात तर मनात असूनही कोणी थांबत नाही. मागून डंपर येत असेल तर थांबणं धोक्याचंच असतं. घाटात तर मधेच कधीही हात करू नये. घाट चढून वर आल्यावर चहाची टपरी, देऊळ किंवा मोकळी जागा असतेच. चढण संपल्यावर गाड्या तिथे दम घेतात, उतरणीच्या आधी ट्रकवाले ब्रेक बघतात. तिथे थांबलेल्या माणसाशी समोरासमोर बोलता येतं.

मला सर्वात भरवशाच्या वाटतात त्या गाड्या आपणहून थांबतात अशा जागा: पेट्रोल पंप, दूध संकलन केंद्र, खताचं दुकान, पिठाची गिरणी, रसवंती. तिथे उभं राहून कोण कुठे चाललंय याचा अंदाज येतो. माणसाचा चेहरा, बोलणं, गाडीतली इतर माणसं दिसतात. त्यालाही तुम्ही दिसता. विचारायच्या आधी टपरीवाल्याशी बोला, त्याचा चहा घ्या. पुष्कळदा तोच ओरडून सांगतो, "अरे, या दोघींना साखर गावापर्यंत घे रे." ओळखीच्या माणसाने घातलेला शब्द आपल्या दहा वेळा केलेल्या हातापेक्षा मोठा असतो, आणि ज्याच्यासमोर तो शब्द टाकला गेला तो चालकही गावाच्या नजरेखाली येतो.

जीपच्या थांब्याजवळ उभं राहून फुकट लिफ्ट मागू नका. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी, रायगड जिल्ह्यात मिनीडोर, नाव काहीही असो, त्या माणसाचं पोट त्यावर आहे. जीप उभी असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर सरळ जीपमध्ये बसा. नसेल बसायचं तर निदान शंभर पावलं पुढे जा.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर पायी जाणाऱ्यांना बंदी आहे. तिथे उभं राहणं बेकायदेशीर आहेच, शिवाय ताशी शंभरच्या वेगाने येणारी गाडी अचानक बाजूला घ्यायला लावणं जीवघेणं आहे. पुण्याच्या दिशेने जायचं असेल तर खोपोली, लोणावळा, कामशेतवरून जाणारा जुना महामार्ग धरा.

हात कसा करायचा

परदेशी प्रवासवर्णनांत वाचून आपली तरुण मुलं अंगठा वर करून उभी राहतात. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं. गावातल्या काकांना त्यातून काय कळणार? त्यांना एसटीला करतात तो हात कळतो. 'हात दाखवा, गाडी थांबवा' हे एसटीचंच जुनं ब्रीद आहे. हात खांद्यापेक्षा थोडा खाली, पंजा जमिनीकडे, दोन-तीनदा सावकाश खाली-वर. घाईने हलवलेला हात अपघात झाल्यासारखा वाटतो आणि माणूस बिचकतो.

हात करण्याआधी गॉगल, मास्क, रेनकोटची टोपी काढा. डोळे दिसायला हवेत. पाठीवरची सॅक उतरवून पायाशी, चालकाला दिसेल अशी ठेवा. सॅक बघून तो ओळखतो की हे गडावर चाललेत, आणि किती सामान घ्यायचं आहे हेही त्याला आधीच कळतं. एकाने झाडाखाली लपायचं आणि गाडी थांबली की चौघांनी धावत यायचं, हा प्रकार करू नका. एकासाठी थांबलेल्या माणसाला ती फसवणूक वाटते आणि पुढच्या वेळी तो कोणासाठीच थांबत नाही.

दोघं ही उत्तम संख्या. चौघं असाल तर दोन-दोनच्या जोड्या करा, शंभर पावलांचं अंतर ठेवा आणि भेटायची जागा आधीच ठरवा. ती जागा नावानिशी ठरलेली हवी: अमुक गावचा एसटी थांबा, शाळेसमोरचा पार. डोंगरात फोन लागत नाही. "पोचल्यावर फोन कर" एवढ्यावर सोडलेल्या जोड्या मी तीन-तीन तास एकमेकांना शोधताना पाहिल्या आहेत.

महामार्गावर पुठ्ठ्याची पाटी कामाला येते. मोठ्या देवनागरी अक्षरांत, फक्त पुढच्या मोठ्या ठिकाणाचं नाव लिहा. कल्याणहून निघालात आणि जायचंय हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या खिरेश्वरला, तर पाटीवर 'आळेफाटा' लिहा. खिरेश्वरला जाणारी गाडी दिवसाला एखादी, आळेफाट्याला जाणाऱ्या शेकडो, आणि त्या सगळ्या खिरेश्वरचा रस्ता जिथे वळतो त्या खुबी फाट्यावरूनच जातात.

नंबरप्लेट वाचायला शिका

समोरून येणारी गाडी कुठली आहे हे क्रमांकावरून कळतं, आणि कोणाला हात करायचा हे ठरवायला ते फार उपयोगी पडतं. एमएच १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, १७ श्रीरामपूर (अकोले-संगमनेरच्या गाड्या याच क्रमांकाच्या), ११ सातारा, ०६ रायगड, ०४ ठाणे, ०५ कल्याण. अकोले तालुक्यातल्या राजूरच्या आतल्या रस्त्यावर संध्याकाळी १७ क्रमांकाची गाडी आली तर ती बहुधा घरी चालली आहे. तिला हात करा. रविवारी दुपारी ०४ आणि ०५ दिसली तर ती मुंबईच्या बाजूला परत निघाली असेल.

पांढरी पाटी खाजगी, पिवळी व्यावसायिक. पिवळ्या पाटीच्या जीपमध्ये पैसे द्यायचेच असतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीने पैसे घेऊन माणसं नेणं कायद्याला धरून नाही, म्हणून तिथे भाड्याची भाषा करू नये.

कोणती गाडी, आणि त्यात बसायचं कुठे

मोटारसायकल सर्वात लवकर थांबते. एकट्या माणसाला आडरस्त्यावर खरा आधार तिचाच. कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो आणि त्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. वारंवार फिरणार असाल तर स्वतःचं हेल्मेट सॅकला अडकवून न्या. मी नेते. ते बघून मोटारसायकलवाले अधिक विश्वासाने थांबतात, हा त्याचा वरचा लाभ. सॅक पाठीवर असेल तर तिचे पट्टे आवळून घ्या. चढावर सैल सॅक माणसाला मागे ओढते.

गोव्यात मात्र लक्ष ठेवा. काळ्या-पिवळ्या रंगातली मोटारसायकल म्हणजे 'पायलट', ती भाड्याची असते.

पिकअप आणि छोटा हत्ती गावोगाव फिरतात आणि त्यांचे चालक माणसांना घेतातही. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. मालवाहू गाडीत प्रवासी नेणं नियमात बसत नाही, आणि अशा गाडीत बसलेल्या प्रवाशाला अपघातात काही झालं तर भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. म्हणजे खर्च चालक-मालकाच्या किंवा तुमच्याच अंगावर. हे माहीत असूनही दुर्गम भागात कधी कधी दुसरा मार्ग नसतो. तेव्हा केबिनमध्ये जागा असेल तरच बसावं असं माझं मत आहे. अगदीच हौद्यात बसायची वेळ आली, तर केबिनला पाठ टेकून खाली बसा. कडेवर किंवा मागच्या फाळक्यावर कधीच नाही. उभंही राहू नका. घाटाच्या वळणावर उभा माणूस कुठे फेकला जाईल सांगता येत नाही. आत सिमेंटच्या गोण्या, पाइप, गॅसच्या टाक्या असा सुटा माल असेल तर ती गाडी सोडा.

ट्रॅक्टर पाहून मोह होतो. चाकावरच्या मडगार्डवर बसू नका, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या दांड्यावर पाय ठेवू नका. तिथून पडलेला माणूस थेट चाकाखाली जातो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसले की हात खालीच ठेवा.

खडी-वाळूचे डंपरही नकोत. त्यांना खेपांची घाई असते.

बसण्याआधीचं अर्धं मिनिट

गाडी थांबली की धावत जाऊन दार उघडू नका. खिडकीशी जा, नमस्कार करा आणि आधी त्यांना विचारा, "काका, कुठवर चाललाय?" आपलं ठिकाण मागून सांगायचं. यात एक शहाणपण आहे. तुम्ही आधी "राजूर" म्हणालात, तर ज्याच्या मनात काही वावगं आहे तो "हो हो, राजूरच" म्हणेल. त्याने आधी आपलं गाव सांगितलं तर ते खरं असण्याची शक्यता जास्त. मग "आम्हाला पाचनईला जायचंय, तुमच्या वाटेवर जिथे सोयीचं पडेल तिथे सोडाल का?" वाकडी वाट करायला लावू नका.

हे बोलणं चालू असताना बघत राहा. दारूचा वास, तांबारलेले डोळे, पायाशी बाटली. गाडीत सगळे पुरुषच, आणि तेही एकमेकांकडे बघून हसताहेत. प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आतून दार उघडायची कडी तुटलेली. यातलं एकही दिसलं तर बसू नका. कारण द्यायची गरज नसते, पण तोंडाशी एक वाक्य तयार असावं. माझं ठरलेलं आहे: "थांबा हं, भाऊ मागून येतोय, त्याच्याबरोबरच जाते." भंडारदऱ्याजवळ एकदा तिन्हीसांजेला हे वाक्य मी दोनदा म्हटलं, ती गाडी पुढे जाऊन परत मागे आली, आणि मी सरळ शेजारच्या घराच्या अंगणात जाऊन बसले. त्या घरातल्या आजींनी काही विचारलं नाही, पाणी दिलं. रात्री त्यांच्याकडेच राहिले. मन नको म्हणालं की नको. त्या माणसाला वाईट वाटेल, हा विचार बाईमाणसाने तरी अजिबात करू नये.

नंबरप्लेटचा फोटो काढा आणि तो उघडपणे काढा. "घरी कळवते हं, आई काळजी करते," एवढं म्हटलं की भल्या माणसाला काही वाटत नाही. फोटो घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. रेंज नसली तरी संदेश वाटेत रेंज येईल तेव्हा जातो. रेंज असेल तर फोन करून मोठ्याने बोला: कुठल्या गाडीत, कोणत्या गावाला, किती वाजेपर्यंत. अडचणीत ११२.

मैत्रिणींसाठी आणखी थोडं. ज्या गाडीत बाई किंवा लहान मूल आहे तिला आधी हात करा. दाराशेजारी बसा, दोन पुरुषांच्या मधे नाही. सॅक डिकीत देऊ नका, मांडीवर घ्या. डिकीत सामान अडकलं की पटकन उतरता येत नाही. पैसे, ओळखपत्र आणि फोन अंगावरच्या खिशात. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे एसटी येणार असेल तर मी आता लिफ्टसाठी तिला सोडत नाही. एकटीने आडरस्त्यावर लिफ्ट मागायला मी सुरुवात केली ती पाच-सहा वर्षं जोडीने फिरल्यानंतर, आणि अजूनही फक्त दिवसाउजेडी.

पैशांचं काय

जीपवाला, पिकअपवाला यांना बसण्याआधीच विचारा, "किती द्यायचे?" उतरताना विचारलं की दोघांनाही अवघड होतं. शेजारी बसलेल्या मावशी किती देतात ते बघा आणि तेवढेच द्या. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. डोंगरात यूपीआयच्या भरवशावर राहता येत नाही आणि पाचशेची मोड कोणाकडे नसते.

घरी चाललेला मोटारसायकलवाला किंवा कुटुंबाची गाडी पैसे घेत नाही, पुढे केले तर रागावतात. तिथे वाटेत चहा पाजा, सोबतचे लाडू, चिक्की, फळं पुढे करा. मी शहरातून निघताना चिक्कीची दोन पाकिटं त्यासाठीच घेते. एका काकांनी मला सांगितलं होतं, "पैसे नकोत, गावात पोचलीस की आमच्या घरी चहा घे." मी घेतला. नंतर त्या रस्त्याला गेले की आधी त्यांच्याकडे जाते, आणि आता त्या बाजूला मला लिफ्ट शोधावीच लागत नाही.

गाडीत बसल्यावर

बोला. ज्याने तुम्हाला घेतलं त्याला बहुतेक वेळा सोबत हवी असते. पाऊस कसा आहे, भात लावून झाला का, टोमॅटोला नारायणगावच्या बाजारात काय भाव मिळतोय, हे विचारा आणि उत्तर ऐका. गावाबद्दल तक्रार किंवा राजकारण नको. कानात इयरफोन घालून बसणं तर फार वाईट. या गप्पांतूनच वाटा कळतात: पुलाचं काम चालू आहे, दरड आली आहे, वरची विहीर आटली आहे.

ओले असाल तर सीटवर आधी प्लास्टिक अंथरा. चिखलाचे बूट झटकून आत या. पावसाळ्यात मी जाडसर गोणपाटाचा तुकडा जवळ ठेवते.

जुलै-ऑगस्टात माळशेज आणि ताम्हिणी घाटांकडे सुटीच्या दिवशी लिफ्टच्या भरवशावर जाऊ नका. धबधब्यांसाठी आलेल्या गर्दीने रस्ते तुंबतात, पिऊन चालवणारेही त्याच दिवसांत जास्त, आणि प्रशासनाचे बंदी आदेशही अनेकदा असतात. भोर–महाडचा वरंध घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

दिवेलागण झाली की थांबा

माझा नियम असा की दिवे लागले की हात करायचा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. म्हणजे हिवाळ्यात साडेपाचला शेवटची गाडी बघायची. अंधारात तुम्ही चालकाला दिसत नाही आणि चालक तुम्हाला दिसत नाही.

गाडी मिळाली नाही तर जवळच्या वस्तीत जा. पोलीस पाटील किंवा सरपंचाचं घर विचारा, आपण कोण, कुठून आलो ते सांगा, देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी घरातच बोलावतात. जेवणाचे पैसे देऊ करा. पातळ चादर, टॉर्च, सुका खाऊ आणि दोन लिटर पाणी यासाठीच सॅकमध्ये हवं. मुक्कामाची तयारी असेल तर नको ती गाडी सहज सोडता येते. घायकुतीला आलेला माणूस कुठल्याही गाडीत बसतो.

एक पूर्ण उदाहरण: खिरेश्वरहून वर, पाचनईला खाली

हरिश्चंद्रगड एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायला स्वतःची गाडी अडचणीचीच, कारण ती पहिल्याच पायथ्याला राहते. लिफ्टवाल्यांसाठी याहून चांगली वाट नाही.

शुक्रवारी दुपारी कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी एसटी धरा. वाहकाला आधीच सांगा, "खुबी फाट्याला उतरायचंय." माळशेज घाट चढून वर आल्यावर तो फाटा लागतो. पाचच्या आधी पोचायचा हिशेब ठेवा. तिथून खिरेश्वर सुमारे पाच किलोमीटर, पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून. गावाकडे परतणारी मोटारसायकल मिळाली तर बरंच, नाही तर चालत सव्वा तास. धरणाच्या भिंतीवर उभं राहून वाट बघत बसू नका, चालायला लागा. मागून गाडी आली की हात करता येतोच, आणि चालणाऱ्या माणसासाठी लोक जास्त थांबतात.

रात्री खिरेश्वरला मुक्काम, शनिवारी टोलार खिंडीतून गडावर, रात्र गडावर. रविवारी सकाळी लवकर पाचनईला उतरा. इथे घाई करू नका. पाचनईच्या बाजूला रविवारी नाशिक, मुंबई, पुणे, सगळीकडच्या गाड्या लागलेल्या असतात. जेवायला बसलेल्या मंडळींत बसा, कोण कुठे चाललंय ते ऐका, एखादी जागा विचारा. मुंबईकडे जाणारी गाडी मिळाली तर ती बहुधा राजूर, भंडारदरा, घोटी, कसारा अशी जाते. तुम्ही कसाऱ्याला उतरून लोकल धरू शकता. पुण्याची मिळाली तर प्रश्नच मिटला.

काहीच जुळलं नाही तर राजूरपर्यंतची सोय बघा. एकदा आम्हाला राजूरपर्यंत दुधाच्या पिकअपने आणलं, केबिनमध्ये चालक, त्याची बायको आणि आम्ही दोघी दाटीवाटीने. राजूरला एसटी मिळते, अकोले-संगमनेरच्या बाजूलाही आणि कसाऱ्याच्या बाजूलाही. उतरण्याआधी थोडं अलीकडेच सांगा, "पुढे स्टँडजवळ घ्या," म्हणजे चालकाला ऐनवेळी ब्रेक मारावा लागत नाही. हौद्यात काठी, सीटखाली पाण्याची बाटली, खिडकीला अडकवलेली टोपी, हे राहतंच, म्हणून दार लावण्याआधी एकदा आत वाकून बघा. काकांना नमस्कार करा, वहिनींच्या हातात उरलेली चिक्की द्या आणि स्टँडवर गेल्या गेल्या चौकशीच्या खिडकीवर शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या.